नेकारकाठचे हायडलबर्ग, मोजक्या युरोंत

प्रवासविषयक प्रश्नोत्तरांच्या या सदराकडे गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे एकाच शहराविषयी होती, ते म्हणजे जर्मनीतील नेकार नदीकाठचे हायडलबर्ग. पत्रलेखकांपैकी काहींची मुले फ्रँकफुर्ट किंवा श्टुटगार्ट या भागांत नोकरी करतात, एक वाचक तिकडे शिकायला निघाला आहे, आणि सर्वांची अडचण सारखीच आहे : पाहायचे पुष्कळ आहे आणि खर्च बेताचा ठेवायचा आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्या एका शहरासाठी ठेवले आहे. माझी मुलगी शेजारच्या मानहाइमला शिकत असताना मी तिच्याकडे तीन वेळा राहिले, आणि प्रत्येक वेळी हायडलबर्गला अनेकदा जाणे झाले. पुढील उत्तरे त्या अनुभवाच्या आधाराने दिली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त शिक्षक असून मे महिन्यात मुलाकडे फ्रँकफुर्टला जाणार आहोत. हायडलबर्गला एक दिवस दोघांनीच जायचा विचार आहे. तेथे प्रत्येक गोष्टीला तिकीट असते असे ऐकतो. तिकिटे न काढता दिवस सार्थकी लागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : निश्चित लागेल. हायडलबर्गमध्ये पाहण्यासारखी मुख्य गोष्ट ही एखादी वास्तू नसून नदी, पूल, जुने गाव आणि डोंगरउतारावरचा तांबड्या दगडाचा भग्न किल्ला यांचे एकत्रित दृश्य ही आहे, आणि त्या दृश्याला तिकीट नाही. दिवसाचा क्रम मात्र विचारपूर्वक ठरवावा लागतो, कारण चुकीच्या वेळी चुकीच्या काठावर उभे राहिल्यास तेच दृश्य निस्तेज दिसते.

फ्रँकफुर्टहून प्रादेशिक गाडीने सव्वा ते दीड तासात हायडलबर्गचे मुख्य स्टेशन येते. ते जुन्या शहरापासून दोन-अडीच किलोमीटर दूर, आधुनिक वस्तीत आहे. बहुतेक प्रवासी तेथून बस धरतात किंवा लांबच लांब मुख्य रस्ता तुडवीत येतात, आणि किल्ल्याखाली पोहोचेपर्यंत थकून जातात. त्याऐवजी आपण स्टेशनवरच एस-बान या उपनगरी गाडीत बसून ‘हायडलबर्ग-आल्टश्टाट’ या पूर्वेकडच्या छोट्या स्टेशनावर उतरावे. तेथून नदीच्या कडेने पश्चिमेला चालू लागले की थोड्याच वेळात जुना पूल समोर येतो.

या जागेवरचा हा नववा पूल आहे. आधीचा लाकडी पूल १७८४ च्या हिवाळ्यात बर्फाच्या लोंढ्याने वाहून गेला, तेव्हा येथला राज्यकर्ता कार्ल टेओडोर याच्या काळात १७८८ मध्ये सध्याचा दगडी पूल पुरा झाला. २९ मार्च १९४५ रोजी माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच त्याच्या कमानी उडवल्या, आणि १९४७ पर्यंत नागरिकांनी तो पुन्हा उभा केला. युद्धात हे शहर बाँबफेकीपासून जवळजवळ बचावले, आणि पूल मात्र आपल्याच लोकांच्या हातून तुटला, हे पुलावर उभे असताना आठवावे. पुलाच्या गावाकडच्या टोकाला आरसा धरलेले एक ब्राँझचे माकड आहे. ते १९७९ मधले असून त्याच्यासमोर छायाचित्रांसाठी नेहमी रांग असते. त्या रांगेत वेळ घालवण्यापेक्षा पुलाच्या मध्यावर जाऊन दोन्ही बाजूंचे डोंगर पाहणे मला अधिक मोलाचे वाटते.

सकाळचे दोन-तीन तास जुन्या गावात घालवावेत. बाजारचौकातले पवित्र आत्म्याचे चर्च विनाशुल्क पाहता येते. या चर्चमध्ये १७०६ ते १९३६ अशी २३० वर्षे एक भिंत उभी होती : एका बाजूला कॅथलिकांची प्रार्थना होत असे आणि दुसऱ्या बाजूला प्रोटेस्टंटांची. याच चर्चच्या सज्जांत एके काळी युरोपातला एक मोठा ग्रंथसंग्रह होता. १६२२ मध्ये शहर पडल्यावर तो पोपला भेट म्हणून खेचरांच्या पाठीवरून आल्प्सपलीकडे रोमला नेण्यात आला, आणि त्यातली मुख्यतः जर्मन हस्तलिखितेच १८१६ मध्ये परत आली. चर्चसमोर ‘रिटर’ नावाचे १५९२ मधले कोरीव दर्शनी भागाचे घर आहे. १६९३ च्या आगीत गाव जळाले तेव्हा वाचलेल्या थोड्या घरांपैकी ते एक आहे.

तेथून जवळच फाफनगासे या गल्लीत जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष फ्रीडरिश एबर्ट यांचे जन्मघर आहे. शिंप्याच्या पोटी १८७१ मध्ये जन्मलेला हा मुलगा १९१९ मध्ये देशाच्या सर्वोच्च पदावर गेला. ज्या लहानशा घरात ते कुटुंब राहत होते ते पाहायला काहीही शुल्क नाही. सोमवारी मात्र ते बंद असते. शिक्षक म्हणून आपणांस विद्यापीठाचा चौकही पाहावासा वाटेल. हे विद्यापीठ १३८६ मधले, म्हणजे आजच्या जर्मनीतले सर्वांत जुने आहे, आणि १७ मे १९३३ रोजी याच चौकात पुस्तकांची होळी झाली होती. जमिनीतली फरसबंद पाटी त्याची आठवण देते.

दुपारी तीन-चारनंतर पूल ओलांडून पलीकडच्या काठावर जावे. किल्ला दक्षिण काठावरच्या डोंगराच्या उत्तर उतारावर आहे, त्यामुळे समोरून पाहताना भर दुपारी सूर्य त्याच्या मागे असतो आणि भिंती काळवंडलेल्या दिसतात. दिवस कलला की प्रकाश पश्चिमेकडून येतो आणि तो तांबडा वालुकाश्म उजळतो. हे पाहण्याची उत्तम जागा म्हणजे ‘फिलोसोफेनवेग’, म्हणजे तत्त्वज्ञांची वाट. पुलापासून तेथे जाणारी नागमोडी पायवाट फरसबंद आणि चांगलीच चढाची आहे. गुडघ्यांचा त्रास असल्यास तिचा हट्ट धरू नये आणि खालच्या रस्त्यावरूनच काठाने चालावे, कारण तेथूनही किल्ला स्पष्ट दिसतो. वर जाता आले तर दक्षिणमुखी उतारावरच्या ऊबदार बागेत बाके आहेत. थंड देशात अंजीर आणि डाळिंब उघड्यावर वाढताना पाहून आश्चर्य वाटते.

‘सारे जहाँ से अच्छा’ लिहिणारे कवी इक्बाल १९०७ मध्ये या शहरात जर्मन शिकण्यासाठी राहिले होते, आणि नेकारच्या काठावरच्या एका शांत संध्याकाळवर त्यांनी उर्दूत कविता लिहिली. नदीकाठाच्या एका भागाला आज त्यांचे नाव आहे.

प्रश्न : किल्ल्याचे तिकीट काढावे की बाहेरून पाहून परतावे? ‘हायडलबर्ग कार्ड’ घेण्यात बचत आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : किल्ल्याचे दोन भाग मनात वेगळे करावेत. बागा आणि त्यांची नदीकडची गच्ची मोफत आहेत. आतला चौक, प्रचंड पिंप आणि औषधालयाचे संग्रहालय यांना एकच तिकीट लागते. ते दहा-बारा युरोंच्या घरात असून त्यातच डोंगरावर जाणाऱ्या रेल्वेच्या खालच्या टप्प्याचे जाणे-येणे धरलेले असते. राजमहालाच्या खोल्या मार्गदर्शकासह पाहायच्या असल्यास वेगळे पैसे पडतात, आणि त्या मी पुन्हा पाहणार नाही, कारण किल्ल्याची खरी भव्यता त्याच्या उघड्या, छप्पर नसलेल्या भिंतींत आहे.

फ्रेंच सैन्याने १६८९ मध्ये आणि पुन्हा १६९३ मध्ये हा किल्ला उद्ध्वस्त केला. दुरुस्ती सुरू झाली होती, तोच १७६४ मध्ये त्यावर वीज पडली आणि राजघराण्याने तो सोडून दिला. पुढे गावकरी घरांसाठी येथले दगड नेऊ लागले. ते थांबवले ते शार्ल द ग्रँबेर नावाच्या एका फ्रेंच स्थलांतरिताने : १८१० मध्ये तो येथे आला, अवशेषांची चित्रे काढत राहिला आणि त्यांच्या रक्षणासाठी आयुष्य घालवले. बागेतून दिसणारा दुभंगलेला बुरूज हा मला सर्वांत बोलका वाटतो. १६९३ मध्ये सुरुंगाने त्याचा अर्धा भाग अखंडच निसटून खंदकात पडला आणि आजही तसाच आडवा आहे, त्यामुळे भिंतीची जाडी डोळ्यांनी मोजता येते. तो पाहायला तिकीट लागत नाही.

असे असूनही पहिल्यांदा जाणाऱ्याने एकदा तिकीट काढावे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण पिंप नसून औषधालयाचे संग्रहालय आहे. पिंप १७५१ मधले आहे, त्यात सुमारे २ लाख २० हजार लिटर द्राक्षमद्य मावत असे आणि कर म्हणून शेतकऱ्यांकडून आलेले मद्य त्यात साठवले जाई. त्यापुढे पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. औषधालयात मात्र जुनी लाकडी फडताळे, चिनी मातीच्या बरण्या, खलबत्ते आणि अर्क काढण्याची भट्टी अशी मांडणी आहे की आयुर्वेदाची ओळख असलेल्या घरातला माणूस तेथे तासभर सहज रमतो.

चालणे जमत असेल तर कोर्नमार्क्ट चौकातून पायऱ्यांनी वीस मिनिटांत वर पोहोचता येते. परंतु तिकीट काढलेच असेल तर रेल्वेचे पैसे त्यात भरलेले आहेत, हे लक्षात ठेवून ती वापरावी. ‘हायडलबर्ग कार्डा’त किल्ला आणि शहरातली बस-ट्राम समाविष्ट असते. ज्या दिवशी किल्ला पाहून शिवाय बसने बरेच फिरायचे आहे त्या दिवशीच ते परवडते. जुने गाव पायीच पाहणाऱ्याला किल्ल्याचे साधे तिकीट स्वस्त पडते.

प्रश्न : मी पुण्याचा विद्यार्थी असून ऑक्टोबरपासून कार्लस्रूएला शिकणार आहे. मित्रांबरोबर दोन रात्री हायडलबर्गला राहायचे आहे. राहणे आणि रेल्वे यांत पैसे कसे वाचवावेत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : राहण्याची जागा जुन्या गावात शोधू नका. शनिवार-रविवारी तेथले दर फार चढतात. मानहाइम एस-बानने पंधरा-वीस मिनिटांवर आहे आणि ते उद्योगांचे शहर असल्याने सुट्टीच्या दिवशी तेथल्या खोल्या तुलनेने स्वस्त मिळतात. मानहाइमच्या मध्यभागात रस्त्यांना नावे नसून चौकोनांना अक्षर आणि अंक आहेत, त्यामुळे पत्ता ‘एम ४’ असा दिसला तर ती चूक समजू नका. हायडलबर्गमध्येच राहायचे असेल तर प्राणिसंग्रहालयाजवळच्या युवा वसतिगृहाची चौकशी करावी. तेथे सामायिक खोलीत न्याहारीसह सोय असते आणि त्यासाठी वसतिगृह संघटनेचे सदस्यत्व लागते.

तुम्ही तिकडे राहणारच आहात, तेव्हा ‘डॉइचलांड-टिकेट’ तुमच्या उपयोगाचे आहे. मे २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झालेले हे महिन्याचे तिकीट जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंचे झाले. त्यात देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, ट्राम आणि बस येतात, पण आयसीई किंवा आयसी या जलद गाड्या येत नाहीत. हे तिकीट वर्गणीच्या स्वरूपाचे आहे आणि महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द न केल्यास पुढच्या महिन्याचे पैसे जातात. माझ्या मुलीकडून पहिल्या वर्षी हे राहिले, आणि ती सुट्टीसाठी भारतात असताना एका पूर्ण महिन्याचे पैसे वाया गेले. विद्यार्थ्यांसाठी विद्यापीठामार्फत ते सवलतीत मिळते का, याची प्रवेश घेतानाच विचारणा करा.

भारतातून तुम्हाला भेटायला येणाऱ्या घरच्यांसाठी हे तिकीट घेऊ नका. त्यांच्यासाठी दिवसाचे गट-तिकीट बरे. मानहाइम, हायडलबर्ग आणि भोवतालचा प्रदेश व्हीआरएन या एकाच वाहतूक जाळ्यात आहे, आणि त्याच्या दिवसभराच्या तिकिटावर पाच जणांपर्यंत एकत्र फिरता येते. माणसे जितकी जास्त तितका प्रत्येकी खर्च कमी पडतो. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. ज्या कागदी तिकिटावर शिक्का मारणे आवश्यक आहे त्यावर गाडीत चढण्यापूर्वीच तो मारावा, कारण वैध तिकीट नसल्यास ६० युरो दंड होतो आणि परदेशी असल्याची सबब चालत नाही.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. बाहेर जेवणे महाग पडते असे ऐकल्यामुळे घरून पदार्थ न्यावेत म्हणतो. काय न्यावे आणि तिकडे काय खावे?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : प्रथम काय नेऊ नये ते सांगते, कारण त्यात अनेक आयांचे मन मोडते. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा आणि श्रीखंड हे घरीच ठेवावे लागते. ताज्या फळांपैकी अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच प्रमाणपत्राशिवाय मोकळीक आहे. हापूस त्यात नाही. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या, तेलातले लोणचे आणि भाजलेले पोहे न्यायला हरकत नाही. लोणचे सामानात टाकायच्या बॅगेतच, दुहेरी पिशवीत बांधून ठेवावे.

हायडलबर्गमध्ये दुपारचे जेवण विद्यार्थ्यांच्या भोजनालयात घ्यावे असा माझा आग्रह आहे. नदीकाठच्या मार्श्टाल या जुन्या दगडी इमारतीतल्या भोजनालयात बाहेरच्या पाहुण्यांनाही जेवता येते. त्यांचा दर विद्यार्थ्यांपेक्षा जास्त असतो, तरीही मुख्य रस्त्यावरच्या उपाहारगृहांपेक्षा तो पुष्कळ कमी पडतो. पदार्थ स्वतः वाढून घ्यायचे आणि वजनावर पैसे द्यायचे, अशी पद्धत असल्याने भाज्या, भात आणि कोशिंबीर एवढेच निवडता येते. जेवून अंगणात बसता येते, आणि त्या तासाभरात शहराचे विद्यार्थी-जीवन आपोआप दिसते.

तुर्की दुकानांत पोळीत गुंडाळलेले फलाफल सहा ते आठ युरोंत मिळते आणि एका माणसाचे पोट भरते. बेकरीतल्या ब्रेझेल या पिळदार पावाला वरून मीठ असते आणि तो सहसा शाकाहारी असतो. ‘वेगेटारिश’ म्हटले की अंडे चालते असे तेथे गृहीत धरतात, त्यामुळे अंडे नको असल्यास ते वेगळे सांगावे लागते. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे आणि बाटली भरून घ्यावी. विकतच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ती रक्कम परत मिळते. रविवारी किराणा दुकाने बंद असतात, तेव्हा शनिवारीच ब्रेड, फळे आणि दही घेऊन ठेवावे, आणि हवा चांगली असेल तर उत्तर काठावरच्या नेकारवीझे या विस्तीर्ण हिरवळीवर बसून खावे. स्थानिक लोकही तेच करतात.

प्रश्न : बरोबर नऊ वर्षांची नात आहे. तिला बोटीत बसायचे आहे, पण चौघांच्या तिकिटांची रक्कम बरीच होते. दुसरा काही मार्ग आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नात हट्ट धरील तर छोटी फेरी करावी, लहानपणीची बोट पुढे आयुष्यभर लक्षात राहते. पण नदीचे सौंदर्य पाहण्यासाठी एस-बान पुरेशी आहे. हायडलबर्गहून पूर्वेकडे नेकारगेम्युंड, नेकारश्टाइनाख, हिर्शहोर्न अशी जाणारी गाडी बराच काळ नदीच्या कडेने वळणे घेते. त्यांपैकी नेकारश्टाइनाखला उतरा. एकाच डोंगराच्या धारेवर तेथे चार किल्ले आहेत. दोन खासगी मालकीचे आहेत आणि उरलेले दोन भग्न किल्ले विनाशुल्क पाहता येतात. गावाहून निघणारी जंगलवाट चारही किल्ल्यांजवळून जाते, आणि सह्याद्रीत ट्रेक केलेल्या आजोबांना ती सोपी वाटेल. दिवसाचे गट-तिकीट असेल तर या सहलीला वेगळे पैसे पडत नाहीत.

बोटींविषयीचे कुतूहल हायडलबर्गच्या जलद्वाराशी फुकट भागते. मानहाइमपासून प्लोखिंगेनपर्यंत नेकारवर अशी २७ जलद्वारे आहेत. त्यांच्यामुळे उथळ, वेगवान नदी मालवाहू जहाजांना चालण्याजोगी झाली. जुन्या शहराच्या पूर्व टोकाशी, आल्टश्टाट स्टेशनाजवळ, काठावर उभे राहिले की एखादे लांबलचक जहाज हौदात येते, दारे मिटतात आणि पाणी चढू किंवा उतरू लागते. माझ्या बरोबर आलेला सात वर्षांचा भाचा किल्ल्यापेक्षा हेच अधिक वेळ पाहत राहिला होता.

प्रश्न : हायडलबर्गचा महाराष्ट्राशी काही संबंध आहे का? आणि सप्टेंबरमध्ये किल्ल्यावर आतषबाजी असते ती पाहायला तिकीट लागते का?
— एक वाचिका, श्टुटगार्ट

उत्तर : संबंध आहे आणि तो जिव्हाळ्याचा आहे. येथल्या विद्यापीठात १९६२ मध्ये दक्षिण आशिया संस्था सुरू झाली, आणि गुंथर सोन्थायमर हे तेथे प्राध्यापक होते. खंडोबा, बिरोबा आणि म्हस्कोबा या देवांचा आणि धनगरांच्या मौखिक परंपरेचा त्यांनी वर्षानुवर्षे महाराष्ट्रात हिंडून अभ्यास केला. या देवांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. जेजुरीला ज्यांचे कुलदैवत आहे अशा वाचकांनी बेर्गहाइम भागातून जाताना फॉसश्ट्रासेवरच्या त्या संस्थेच्या आवारातून चालत जावे. तेथे पर्यटकांसाठी काही मांडलेले नाही, पण मला स्वतःला तेथे थोडा वेळ थांबल्यावाचून पुढे जाववले नाही.

आतषबाजी वर्षातून तीनदा, जून, जुलै आणि सप्टेंबरमध्ये होते. सप्टेंबरमध्ये ती सहसा पहिल्या शनिवारी असते. प्रथम किल्ला तांबड्या प्रकाशात पेटल्यासारखा दिसतो, ती फ्रेंच सैन्याने लावलेल्या आगींची आठवण असते, आणि मग जुन्या पुलावरून दारूकाम सुटते. नदीकाठावरून पाहायला तिकीट नाही. उत्तर काठावर दोन तास आधी जागा धरावी, बसायला सतरंजी आणि अंगावर घ्यायला काहीतरी गरम ठेवावे, कारण सप्टेंबरच्या रात्री पाण्याजवळ गारठा असतो. संपल्यावर हजारो लोक एकदम पुलाकडे आणि स्टेशनाकडे निघतात, तेव्हा श्टुटगार्टकडे जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते ते सकाळीच पाहून ठेवावे, आणि ती मिळणे अवघड वाटत असेल तर त्या रात्रीपुरती मानहाइमला खोली आधीच राखून ठेवावी.